शेडमधली भिंत

गरीब कामगाराच्या जिवाची चिंता सरकारला असते. भवानी पेठेतल्या विमा दवाखान्यात मदिनाबी नवऱ्याला घेऊन आली, तेव्हा त्याच्या हाताला रक्तानं भिजलेलं फडकं होतं आणि खिडकीतला कारकून नियम सांगत होता.

"वीस कामगार असले तरच विमा, बाई. तुमच्या शेडात दहाच."

"वीस हायत की! मालकानं मधी भिंत घातली, पलीकडं मेव्हण्याचं नाव लावलं."

"म्हणजे कारखाने दोन."

"मोटार एकच हाय न्हवं! भिंतीतल्या भोकातनं पट्टा फिरतोय. त्यातच ह्यांचा हात सापडला."

"म्हणजे हात मेव्हण्याच्या कारखान्यात गेला?"

"व्हय, अन् धड मालकाच्यात ऱ्हायलं! आता कुनाचा मानूस म्हनायचं ह्यांना?"

"मेव्हण्याचा तर नाहीच. दुसऱ्याच्या कारखान्यात विनापरवाना हात घातला, असं होतं ते."

"थू तुमच्या कायद्यावर!"

"पुढचा या."

पुढचा हजार कामगारांच्या गिरणीतला होता. त्याला खोकल्याचं औषध मिळालं.