ताणावर सोडलेलं शरीर

(अकोला. डॉ. कहकशाँ यांची तपासणीची खोली. समोर वामनराव आणि त्यांच्या पत्नी तानुबाई.)

वामनराव : ...म्हणजे आठ डिसेंबर दोन हजार एकवीस, सकाळी साडेनऊ. स्कॅनच्या पडद्यावर पाहत तुम्ही माझ्या यकृतात सुई घातली आणि कर्करोगाच्या चार गाठींपैकी सर्वांत मोठी जाळली. तीन ठेवल्या. माझ्या सांगण्यात काही चूक आहे का, डॉक्टर?

डॉ. कहकशाँ : नाही, काका. जाळलेली गाठ आजही मेलेलीच दिसते. पण ज्या तीन गाठींसाठी सलाईनमधलं औषध होतं, त्या दुपटीनं वाढल्या. म्हणून पुन्हा विचारते, अमरावतीला सलाईन किती घेतलीत?

तानुबाई : चार घेतले ना बाई! दर तीन हप्त्याले तिवश्यावरून बस धरत होते. डबा बांधून देत होती मी.

डॉ. कहकशाँ : काकू, मी आत्ताच तिथं फोन केला. एकच घेतलंय. पुढची अकोल्याला घेतो, असं काकांनी त्यांना सांगितलं.

तानुबाई : अन् तुमाले?

डॉ. कहकशाँ : मला सांगितलं, अमरावतीला घेतो.

तानुबाई : अवो! मंग तो डबा कुठी खात होते?

वामनराव : पॉलिटेक्निकच्या आवारात. लिंबाखाली.

तानुबाई : जलमभर तिथं पोट्ट्यायले शिकवलं, अन् आता तिथंच लपून बसले!

वामनराव : खोटं बोललो, हे मान्य. कारण मात्र ऐकून घ्या. जळालेल्या गाठीवरून शरीरातले रक्षक रोग ओळखायला शिकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला पटलं. संत्र्याला आपण ताणावर सोडतो. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मगच पाणी. घाई केली तर नुसती पालवी फुटते, फूल धरत नाही. गाठ जाळल्यावर मला ताप आला, अन्न जाईना. मी समजलो, ताण बसतोय. मग सलाईन थांबवलं.

डॉ. कहकशाँ : काका, इथं उलटं होतं. गाठ त्या रक्षकांना लगाम घालते, सलाईन तो लगाम सोडवतं. खात्री मी दिली नव्हती. पण जी काही संधी होती, ती त्याच आठवड्यांत होती. मला एकदा विचारायचं तरी!

वामनराव : विचारलं होतं. “हे ताणासारखंच ना?” तुम्ही मान हलवलीत.

डॉ. कहकशाँ : ...हलवली. मी संत्र्यांच्या वरुडची, काका. तुलना आवडली मला. तुम्ही तिचं काय करणार, ते विचारायचं राहून गेलं.

तानुबाई : तुमचं मागून पाहू, बाई. अवो, आपल्या बागेचं काय झालं? असाच ताण देला. इहीर आटली, ताण तोडाले पानी नाई भेटलं. झाडं उभ्या उभ्या वायली, कुऱ्हाडीनं तोडली. तरी तोच इलाज आंगाले लावला?

वामनराव : चूक ताणाची नव्हती. विहिरीची होती.

तानुबाई : हो ना! तुमचं गनित कवाच चुकत नाई, इहीरच चुकते. मंग हे डोये हयदीवानी पिवये झाले, ते कोनाचं चुकलं?

वामनराव : पुरे. डॉक्टर, मी तयार आहे. आजच सलाईन लावा.

डॉ. कहकशाँ : रक्ताचा अहवाल येऊ द्या. काविळीचा आकडा दोनच्या आत असला, तर आजच लावते. तीनपर्यंत धोका पत्करीन. त्यापुढं मात्र यकृत ते औषध झेलणार नाही. मग लावता येत नाही, काका. कोणीच लावणार नाही.

तानुबाई : लावाच तुमी. मी इथंच बसतो, हालू देनार नाई यायले.

डॉ. कहकशाँ : थांबा, मोबाईलवर आलाय.

तानुबाई : काय म्हनते?

डॉ. कहकशाँ : काकू, जरा बाहेर...

वामनराव : तिलाही ऐकू द्या. आणि आकडा सांगा, पूर्णांकात गुंडाळू नका.

डॉ. कहकशाँ : सहा पूर्णांक चार.