सायकलचा सोमवार

तुम्ही हसाल, पण कॉलेजच्या पर्यावरण मंडळाची मी अध्यक्ष होते, तेव्हा आम्ही एका सोमवारी सगळ्यांनी सायकलवर यायचं ठरवलं होतं. ग्रुपवर एकानेही नाही म्हटलं नव्हतं.

मी सुभानपुऱ्यातल्या घरून सायकल हाणत आले आणि बोर्ड घेऊन फाटकाशी उभी राहिले. एकेक स्कूटर माझ्यासमोरून आत गेली. काहींनी हातही हलवला. माझी जिवलग गुजराती मैत्रीण किंजल तेवढी थांबली. "सॉरी यार, तडको किती आहे बघ ना, भाजून निघाले असते," म्हणाली, आणि तीही आत गेली.

थोड्या वेळाने आमच्या मंडळाचे सर आले. "फोटो काढला का? अहवालात लागेल." त्यांनी आतून पंधरावीस जणांना बोलावलं. सगळे माझ्या एकट्या सायकलभोवती दाटीवाटीने उभे राहिले. किंजल मला म्हणाली, "तूच काढ ना, तू छान काढतेस."

मी काढला. संध्याकाळी आईने तो फोनवर मोठा करून दोनदा पाहिला.

"अगं, यात तू कुठे आहेस?"

चहा ठेवते म्हणून मी उठले.

पुढच्या सोमवारी कुणाला न सांगता मी पुन्हा सायकलवर गेले. वॉचमनकाकांनी आणखी कुणी येतंय का म्हणून माझ्या मागे लांबवर रस्ता पाहिला. "बेन, बाकीना क्यां छे?"

"कोई नथी, काका. एकली ज छुं."

मी एकटीच होते हे आईला मराठीत सांगता आलं नव्हतं, ते गुजरातीत पटकन बोलून गेले.