ग्रुपवरचा पियानो

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या बाईंना हसायची सोय नव्हती, आणि समोरचे दोघे साडू काही केल्या गप्प बसत नव्हते.

"साडूभाऊ, काय पियानो वाजवलात काल! ग्रुपवर टाकल्या टाकल्या दोनदा ऐकला."

"दोनदा? कुठला भाग आवडला?"

"मधला. काय हळुवार हात पडलाय!"

"मेहुणाही तेच म्हणाला. वहिनींच्या तर म्हणे डोळ्यांत पाणी आलं."

"येणारच! आणि शिकायला लागून असे किती दिवस झालेत तुम्हाला?"

"म्हणूनच तर घोटाळा झाला. हेडफोन लावला की आमच्या इलेक्ट्रिक पियानोचा आवाज बाहेर येत नाही. रेकॉर्ड करताना तो काढायचाच राहिला."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही दोनदा नुसती पट्ट्यांची खटखट ऐकलीत."

"अहो, मी आपलं... तेवढाच तुम्हाला हुरूप..."

"असू द्या. खरं ऐकलं ते एकट्या सासूबाईंनी."

"त्या काही बोलल्या?"

बाईंनी गाल आणखी घट्ट धरला.

"लगेच फोन आला. म्हणाल्या, जावईबापू, आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकता आलं. यापुढे असंच वाजवत जा."