ग्रिग्ज फील्डवर नाव काढायचं नाही

हे ज्या कुणी सुरू केलं ना, तो माणूस मला एकदा भेटायलाच हवा! फार नाही, दोन मिनिटं. कोण, कुठला, जिवंत आहे की मेला, काही ठाऊक नाही, पण त्याने फतवा काढला आणि अख्ख्या देशाने मान डोलावली... बेसबॉलमध्ये फेकणाऱ्याचं 'ते' चालू असलं की त्याचं नाव काढायचं नाही! अहो पण का? चेंडूला कान असतात का? आत्ता बघा, मीसुद्धा 'ते' म्हणाले. सामना संपून इतके दिवस झाले तरी शब्द तोंडातून फुटत नाही. नो-हिटर! घ्या, म्हणाले. नो-हिटर, नो-हिटर, नो-हिटर! कोसळलं का आभाळ?

म्हणजे काय, तर नऊच्या नऊ डाव समोरच्या एकाही पठ्ठ्याला धड फटका मारून पहिल्या बेसपर्यंत पोचू द्यायचं नाही. सोपं नाही हो ते! आणि आमच्या हार्लन बेंडमध्ये तर लोक म्हणतात, ग्रिग्ज फील्डला शापच आहे. इंडियानातल्या टिचभर टिचभर गावांत झालं, आमच्याकडे शंभर वर्षांत एकदाही नाही. पिंपांच्या कारखान्याच्या पहिल्या मालकाने म्हणे एका पंचाला पिंपात कोंबून नदीत सोडलं होतं, त्या पंचाचा शाप. हे सांगताना आमचे बाबा आवाज खाली आणतात. माणूस इंजिनिअर आहे हो! पण संघ जिंकत असला की टोपी धूत नाही.

तुम्हाला सांगते, हे शापाचं ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण शापबिप काही नाही. झालंय! १९२६ साली, याच ग्राउंडवर, एझ्रा टॉलिव्हर नावाच्या माणसाने केलंय. फक्त तो काळ्यांच्या संघातला. तेव्हा गोऱ्यांचा संघ वेगळा, काळ्यांचा वेगळा, ग्राउंड एकच. आमचे कूपर्स, म्हणजे गोऱ्यांचा संघ, परगावी गेले की त्या रविवारी यांनी खेळून घ्यायचं. आणि सोमवारी आमच्या पेपरात काय आलं असेल? भोपळ्यांच्या प्रदर्शनाचा निकाल! पहिला नंबर कुणाच्या भोपळ्याचा ते छापलं, टॉलिव्हरबद्दल अक्षर नाही. शाप कसला डोंबलाचा? तुम्ही मोजलंच नाही!

दोन वर्षं मी यामागे लागले होते. गावच्या संग्रहालयात मी एकटीच, पगार नावाला, वर इतिहासाची पदवी. चर्चमधल्या म्हाताऱ्यांना भेटले, शिकागोच्या काळ्यांच्या जुन्या पेपरांत डोळे फोडले आणि क्लबवाल्यांचे उंबरे झिजवले. शेवटी ते म्हणाले, "बरं बाई, शनिवारी दुपारी सामन्यात डावांच्या मधे सांग तुझा इतिहास लाउडस्पीकरवरून." सातव्या डावाच्या मधे सगळे उठून आळोखेपिळोखे देतात, गाणं म्हणतात, त्यानंतर टॉलिव्हर! आणि त्यासाठी गॅरीहून त्याची नात बोलावली. ओडेसा ब्रँच. ऐंशी ओलांडलेली, निवृत्त मास्तरीण, निळी हॅट, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. सगळे 'ब्रँचबाई'च म्हणतात तिला, दुसरं काही म्हणायची छातीच होत नाही. सोबत भाचा क्लिफर्ड. तो आल्या आल्या घड्याळ बघत म्हणाला, "सातवा झाला की आम्ही निघणार हं. अंधारात मला गाडी चालवता येत नाही." म्हणजे सातव्यातच! सातव्यात आजोबांचं नाव त्या ग्राउंडवर घुमलं नाही तर बाई तशीच परत. त्या वयात पुन्हा कोण एवढ्या लांब येतंय?

सुरुवात झकास झाली. पहिल्या डावानंतर मी पिंपं बनवणाऱ्या कामगारांनी काढलेल्या पहिल्या संघाची गोष्ट सांगितली, त्यांनी यंत्राच्या जुन्या पट्ट्याचं कातडं शिवून चेंडू केला होता. दुसऱ्यानंतर पुराची. पुरात आमचं पहिलं बेस वाहत खालच्या पाईक्सव्हिलला गेलं, आणि त्या लोकांनी ते परत द्यायला नकार दिला, अजून देत नाहीत! लोक हसले, टाळ्या पडल्या. मी हवेत! चौथ्यानंतर मी माईकपाशी सरसावते, तर ग्राउंड गार. कुणी खाकरत नाही. दाणेवाला लेस्टर, ज्याची आरोळी नदीपलीकडे ऐकू जाते, तो पायरीवर एक पाय वर एक पाय खाली असा थिजलेला. मी फलकाकडे पाहिलं. पाहुण्यांच्या नावापुढे फटक्यांच्या रकान्यात शून्य! आणि आमचा फेकणारा, वेस हेव्हरकँप, नेब्रास्काच्या शेतावरचं लांबलचक पोरगं, बाकड्याच्या टोकाला एकटा. बाकीचे सगळे दुसऱ्या टोकाला एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे. जणू त्याला देवी आल्यात!

मी स्टॅनकाकांकडे वळले. स्टॅन पावलक, आमच्या ग्राउंडचा आवाज, माझ्या जन्माआधीपासून वरच्या माईकच्या खोलीत बसतात. म्हटलं, "स्टॅनकाका, सातव्यात माझं टॉलिव्हरच्या नो—"

अर्धा खाल्लेला हॉट डॉग कोंबला हो माझ्या तोंडात! कांद्यासकट!

"गिळ," म्हणाले. "शब्दासकट गिळ."

"अहो पण काका, विज्ञान म्हणून काही—"

"विज्ञान पाईक्सव्हिलला. इथे नाव काढायचं नाही."

"चेंडूला ऐकू येतं का?"

"चेंडूला नाही येत. वरच्याला येतं. आणि त्याचा आमच्या गावावर आधीच डोळा आहे."

तेवढ्यात दार ढकलून बाबा आत. तीच ती न धुतलेली टोपी. "नोरीन, तू बोललीस ना, तर आज रात्री मावशीकडे झोप."

बरं, मी नाही बोलले तरी छापलेलं आहे ना! दारात वाटलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर ठळक अक्षरांत: सातवा डाव, ग्रिग्ज फील्डवरचा पहिला नो-हिटर. मी खाली पाहते तर काय... लोक त्या शब्दावर मोहरीची चटणी फासतायत! ओळीच्या ओळी, मन लावून, पोस्टातले शिक्के मारावेत तसे. एका आजोबांनी तर तो कोपरा फाडून खाल्ला. माझ्या दोन वर्षांच्या मेहनतीवर चटणी! कारण काय? नाव काढायचं नाही!

मी मनाशी ठरवलं, बोलायचंच. एका माणसाचं नाव या गावाने शंभर वर्षं गिळलं, आणि मी काय, आणखी एकदा गिळू? कशासाठी, तर एका खुळ्या समजुतीसाठी? पाचवा गेला, सहावा गेला, हेव्हरकँप फेकतोय, समोरचे हवेत बॅटी फिरवून परत जातायत. सातव्यात पाहुणे बाद झाले, सगळे उठले, गाणं झालं. तेही कुजबुजत म्हटलं हो लोकांनी, चर्चमधे मयताला म्हणावं तसं. आणि माझा माईक चालू झाला. हजारो माना वर वळल्या. स्टॅनकाकांच्या हातात दुसरा हॉट डॉग तयार!

मी खाली ब्रँचबाईंकडे पाहिलं. म्हटलं, हिच्यासाठी बोलायचं. तोंड उघडलं... आणि त्या बाईने तिथून बोट ओठांवर ठेवलं. नंतर तेच बोट माझ्यावर रोखलं. शाळेत मागच्या बाकावरच्या पोरावर रोखतात ना, अगदी तसं!

आता काय करू? माईक चालू. लोक श्वास रोखून. डोक्यात टॉलिव्हर, फक्त टॉलिव्हर, दुसरं काही येईना. आणि तोंडातून काय निघालं? "मित्रहो... ग्रिग्ज फील्डचं गटार."

हो, गटार! उजव्या कोपऱ्यात पाणी तुंबायचं, मग नगरपालिकेने चर खणला, त्याचा उतार उलटा निघाला, पाणी ग्राउंडवरून पाहुण्यांच्या खोलीत जायला लागलं, ते आपल्या फायद्याचं म्हणून कुणी तक्रारच केली नाही... मी सांगत सुटले. पाईपची जाडी सांगितली! झाकणं कुठल्या भट्टीत ओतली ते सांगितलं! आणि लोक? उभे राहून टाळ्या वाजवतायत! कुणी डोळे पुसतंय! बाबा बाहेरून काचेवर डोकं टेकून पुटपुटतायत, "गुणाची गं माझी पोर." आयुष्यात खऱ्या इतिहासाला मला कधी अशा टाळ्या मिळाल्या नाहीत.

पण क्लिफर्ड उठला! किल्ल्या हातात. मला वरून दिसतंय, ऐकूही येतंय, इतकं ग्राउंड शांत. "आत्या, निघू या. काही बोलल्या नाहीत त्या."

"बस खाली."

"अगं पण अंधार—"

"क्लिफर्ड! अशा वेळी कुणी जागा सोडतं का? घरात काही शिकवलं की नाही तुला?"

बसला बिचारा. आणि तुम्हाला सांगते, मला तेव्हा इतकं सुटल्यासारखं वाटलं! ज्या खुळचटपणाने माझं तोंड बांधलं, त्यानेच त्या बाईला खुर्चीला बांधून ठेवलं. म्हटलं, चला, हा खुळचटपणा नवव्यापर्यंत टिको... आणि मग लक्षात आलं की मी पायावर पाय टाकून बसलेय आणि सातव्यापासून तो हलवलेलाच नाही. मी! पदवीधर! पायाला मुंग्या नाही, वारुळ आलेलं, पण हलवीन तर शपथ.

आठवा कसा गेला माहीत नाही. नवव्यात दोन बाद. तिसऱ्याने बॅट फिरवली आणि चेंडू असा कडाडून गेला की संपलंच, मधल्या भिंतीकडे, वर, वर... तिथला आमचा खेळाडू पाठ करून धावला, भिंतीवर आपटला, खाली कोसळला. हालचाल नाही. मग आडव्यानेच त्याने हातमोजा वर केला. आत चेंडू!

मग काय विचारता! दाणे उडाले, टोप्या उडाल्या, लेस्टरने अखेर दुसरा पाय पायरीवर ठेवला. स्टॅनकाका माईकवर हुंदके देत ओरडतायत, "या ग्राउंडच्या इतिहासात पहिल्यांदाच—"

मी माईक हिसकावला.

"पहिल्यांदा नाही! दुसऱ्यांदा!"

ग्राउंड पुन्हा गार. पण आता बोलायला बंदी नव्हती हो! सांगितलं. साल सांगितलं, भोपळे सांगितले, तेव्हा या गावाने टाळीसुद्धा वाजवली नाही ते सांगितलं. "एझ्रा टॉलिव्हर," मी म्हटलं. "एझ्रा टॉलिव्हर. आणि ती बघा त्याची नात, निळ्या हॅटमधे!" मला वाटलं, गेलं, लोकांचा सण नासवला मी. मग अंगावर पाण्याची बादली ओतलेला, निथळणारा हेव्हरकँप टोपी काढून कठड्यापाशी गेला. आणि मग ते सगळं ग्राउंड उठलं, आणि ते नाव जे घुमलं म्हणता... पाईक्सव्हिलला ऐकू गेलं असेल!

त्याने तो चेंडू ब्रँचबाईंच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट फिरवून पाहिला आणि त्याला परत दिला. "हा तुझा, बाळा. आमचा आमच्या कपाटात आहे."

कपाटात! चेंडू! मी दोन वर्षं तो शोधत होते! धावत खाली जायला उठले तर बधिर पाय मुरगळला, स्टॅनकाकांच्या मांडीवर पडले. खाली पोचले तोवर क्लिफर्ड बाईंना घेऊन उजेडातच निघूनही गेला होता. असो. पुढच्या आठवड्यात गॅरीला जाणार आहे, जेवायला बोलावलंय, चेंडू बघायला. खरं सांगू, त्या रात्री मी जी झोपले ना, दोन वर्षांत तशी झोपले नव्हते.

तर काल पुन्हा सामना. मी मोठ्या ऐटीत गेले. युद्धाच्या काळात आमच्या गावच्या बायका खेळायच्या, तो सगळा इतिहास तयार करून. माईक चालू केला, "मित्रहो," म्हटलं, आणि खालून दाणेवाल्या लेस्टरची आरोळी आली, "अगं नोरीन, ते गटाराचं सांग की परत... आपण हरतोय!"