नुसतं नावच तर घ्यायचं होतं

…आणि वर पुन्हा मलाच म्हणतात, "नुसतं नावच तर घ्यायचं होतं, त्यात एवढं काय?" आता तुम्हीच सांगा, सहा वर्षं मी दुसरं काय केलं हो? नावंच तर घेतली. कॉलेजच्या मैदानात लोखंडी टेबलामागं बसून, एका हातात माईक, दुसऱ्या हातात पदर, कारण लातूरला दुपारी वारा सुटला की पदर एकीकडं आणि खेळाडूंची यादी दुसरीकडं… तशात मुलींच्या बास्केटबॉलची एकेक मॅच मी बोलले. "नंबर चार, मालविका, दोन गुण." "नंबर अकरा, तिसरा फाऊल, बाई जरा जपून." ते 'बाई जरा जपून' नियमात नाही, ते माझं.

तुम्हाला वाटेल, सोमवार करणारी, प्रदोष करणारी ही महानंदा बास्केटबॉलमध्ये कुठून घुसली? मी घुसले नाही, मला आणलं. आमचे हे त्या कॉलेजात जिमखान्याचे क्लार्क. आमचे हे म्हणजे आमचे हे, नाव विचारू नका, त्या नावावरूनच तर सगळं झालं. तर तिथले खेळाचे सर, गुंडप्पा सर, त्यांच्या माईकवाल्या मास्तरांचा घसा ऐन स्पर्धेच्या दिवशी बसला. श्रावणात मी महादेवाच्या देवळात भोंग्यावर पोथी वाचते आणि गुंडप्पा सरांचं घर देवळाच्या मागंच, त्यामुळं ऐकण्यावाचून त्यांना इलाज नसतो. आले सकाळी सकाळी. "वहिनी, पोथी वाचता तसंच वाचायचं. फक्त देवांच्या जागी पोरी आहेत असं समजा."

समजले. इतकं समजले की पहिल्या मॅचला हाफ टाइमची शिट्टी झाली आणि माझ्या तोंडून निघालं, "इथं पहिला अध्याय संपूर्ण झाला, बोला हर हर महादेव." दोन्ही टीम म्हणाल्या, हर हर महादेव. रेफरीनं शिट्टी तोंडातून काढली आणि तो पण म्हणाला.

हसा, पण सांगते, मी ते काम जिवापाड केलं. मॅचच्या आधी एकेका पोरीला जवळ घ्यायची, "तुझं नाव घरात कसं म्हणतात, नीट सांग. आईचं नाव काय?" आणि आईच्या नावासकट बोलायची. एकदा धर्माबादच्या एका पोरीची आई आली होती, गुरम्मा. मिरच्या निवडून हात लालभडक झालेले. मॅच संपल्यावर माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, एवढ्या मोठ्यानं माझं नाव आजपस्तोर कुणीच घेतलं न्हाई बगा. सासूनं सुदिक न्हाई, आन् ती तर लई ओरडायची."

अशा बाईला तुम्ही शिकवता, नुसतं नावच तर घ्यायचंय?

आता ऐका, घोडं कुठं अडलं ते. मागच्या वर्षी स्पर्धेला प्रायोजक मिळाला. प्रायोजक म्हणजे कोण, दुसरं कोण असणार लातुरात? क्लासवाले सर. अहो, भूकंपानंतर दोन पत्र्यांखाली शिकवायचे, तेव्हा चांगले होते, पोरांना हाताला धरून शिकवायचे. आता तीन मजले आणि गावातल्या एकाही खांबाला मोकळा श्वास घेऊ देत नाहीत, प्रत्येक खांबावर सरांचा फोटो, टाय लावून. फिजिक्सची अ बॅच, ब बॅच, क बॅच. आणि ह्या सरांचं नाव आणि आमच्या ह्यांचं नाव… एकच. अगदी तेच. काना मात्रा वेलांटीसकट तेच. देवाच्या शंभर नावांतून ह्यांच्या आईला आणि त्यांच्या आईला हेच सापडावं?

कोणतं ते मी सांगणार नाही. आरतीत ते नाव येतं तिथं मी नुसते ओठ हलवते. महादेव समजून घेतो. क्लासवाले सर समजून घेत नाहीत.

"वहिनी, प्रत्येक टाइम आऊटला माझं नाव एकदा," ते म्हणाले, "हाफ टाइमला तीनदा, आणि बास्केट पडली की 'सौजन्य' म्हणून माझं नाव, लगेच क्लासचा पत्ता." मी म्हटलं, सर, बास्केट ती पोर मारते, गुडघे तिचे फुटतात, सौजन्य तुमचं कसं? तर हसले. "वहिनी, नुसतं नावच तर घ्यायचंय."

आता तुम्ही म्हणाल, महानंदा, जुन्या बायका घ्यायच्या नाहीत नवऱ्याचं नाव, तू शिकलेली, आणि उखाण्यात तर सगळ्याच घेतात. मी पण घ्यायची. हळदीकुंकवाला दर वर्षी नवा उखाणा, यमक माझं मीच जुळवायची. त्र्याण्णव सालापर्यंत घेतलं.

त्या वर्षी गणपती विसर्जनाला हे किल्लारीच्या बाजूला त्यांच्या बहिणीच्या गावी गेले होते. पहाटे आमच्याकडं नुसती भांडी पडली. तिकडं काय झालं ते सकाळी कळलं. मी दवाखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले, दुपारपर्यंत उभीच. ट्रक यायचे आणि शेकडो माणसं आपापल्या माणसाचं नाव घेऊन हाका मारायची. एवढी नावं, एवढ्या मोठ्यानं… आणि 'ओ' कुणी म्हणत नव्हतं. माझ्या मनानं घेतलं की इथं ज्याचं नाव घेतलं जातंय तो येत नाही. मी तोंड दाबून धरलं. महादेवाला म्हटलं, ह्यांना आण, हे नाव पुन्हा जिभेवर आणणार नाही.

तीन वाजता दुधाच्या टेम्पोतून हे उतरले. डोक्यापासून पायापर्यंत माती. उकडतंय म्हणून ओट्यावर झोपले होते, एवढंच. मला बघून म्हणाले, "तू इथं काय करून राहिलीस? घरी चहा ठेवलास का?"

मी चहा ठेवला. पण व्रत घेतलं ते घेतलं.

आणि हाच माणूस, ज्याच्यासाठी हे, तो काय म्हणतो? सरांनी ह्यांना सांगितलं होतं, तुमच्या अक्षराला अ बॅचला बसवतो. आमची लेक अक्षरा, अकरावीत गेलेली, अ बॅचच्या चाचणीत दोन गुणांनी राहिलेली. झालं, हे रात्रंदिवस माझ्या मागं. "अगं, पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे. नाव घेतलं की मी काय मरतो का?"

मी म्हटलं, मागच्या वेळी मेला नाहीत म्हणून विचारून राहिलात.

तर म्हणाले, "ते ओट्यामुळं."

ओट्यामुळं! बघा. माझे सोमवार गेले पाण्यात, पुण्य ओट्याला.

बरं, मी सुद्धा काही कमी खटपट केली नाही, कारण मला माईक सोडायचा नव्हता. खोटं कशाला बोलू? घरात मी तिसऱ्यांदा हाक मारल्याशिवाय कुणी मान वर करत नाही, आणि तिथं मी श्वास घेतला तरी मैदान ऐकायचं. मी सरांना म्हटलं, बोर्डावर लिहा, मी बोट दाखवते. नाही म्हणाले. म्हटलं, सर, तुमचं आडनाव घेते. "आडनावाचे लातुरात नऊ क्लास आहेत वहिनी, नाव माझं चालतं."

आली फायनल. आमचं कॉलेज आणि नांदेडची टीम. पहिल्या टाइम आऊटला मी म्हटलं, "आजचे प्रायोजक, ज्यांचे फोटो आपल्याला चारी बाजूंनी दिसून राहिलेत, ते सर." निभावलं. दुसऱ्याला सर स्वतः येऊन टेबलाला टेकून उभे राहिले. मी घाबरले, आणि घाबरून माझ्या तोंडून गेलं, "आमच्या अक्षराच्या पप्पांचं जे नाव, त्याच नावाचे सर, त्यांचे क्लासेस."

नांदेडच्या बाकावरून एक पोरगी ओरडली, "काकू, नाव घ्या!"

संपलं. लग्नात ओरडतात तसं अख्खं मैदान सुरू झालं, नाव घ्या, नाव घ्या, बाकांवर पाय आपटून. प्राचार्य हसून राहिले, पोलीस हसून राहिला, आमचे हे स्कोअरशीट तोंडापुढं धरून बसले, आणि सरांचा चेहरा खांबावरच्या फोटोपेक्षा ताठ. "वहिनी, माझ्या क्लासची थट्टा होऊन राहिलीय. घेऊन टाका एकदा. नुसतं नावच तर…"

आणि इकडं मॅच संपायला चार सेकंद, गुण अडतीस-अडतीस, आमच्या टीमचा फाऊल, नांदेडच्या पोरीला दोन फ्री थ्रो. ती तीच, धर्माबादची, गुरम्माची देविका. बॉल हातात धरून उभी, आणि चारी बाजूंनी 'नाव घ्या, नाव घ्या'. तिनं माझ्याकडं बघितलं. मी माईक तोंडाजवळ घेतला, सरांना वाटलं आता घेणार, त्यांनी टाय सरळ केला. मी म्हटलं, "देविका, गुरम्माची लेक, धर्माबाद. दोन फ्री थ्रो. सगळ्यांनी शांत बसावं."

गप्प झालं हो मैदान. पहिला हुकला. दुसरा पडला.

आमचं कॉलेज एका गुणानं हरलं. म्हणजे बघा, सरांचं नाव घेतलं नाही ते घेतलंच नाही, वर समोरच्या टीमच्या पोरीचं घेतलं. हे तरातरा आले, माझ्या हातातून माईक ओढला, "आण इकडं," आणि बक्षीस समारंभात सात वेळा… सात… ते नाव घेतलं. स्वतःचंच नाव इतक्या मायेनं घेणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

तेव्हापासून माईक ह्यांच्याकडं. अक्षरा अ बॅचला, पहाटे पाचला जाते, तिला बास्केटबॉल कुठल्या दिशेला आहे ते माहीत नाही. मी राग धरत नाही. सोमवार सोडला नाही, ह्यांचं आयुष्य ह्यांच्या आवाजासारखं ठणठणीत राहो, हेच अजून मागते. पण स्पर्धा लागली की पाय आपोआप मैदानाकडं वळतात. परवा जाऊन बसले बाकावर. शेजारी उदगीरहून आलेली एक बाई, दानम्मा. तिची लेक पहिल्यांदाच खेळत होती. लेकीनं बास्केट मारली तशी ही मान उंच करून, कान भोंग्याकडं लावून बसली. भोंग्यातून आलं, "नंबर सहा, दोन गुण, सौजन्य…" आणि ते नाव, आणि पत्ता, आणि फोन नंबर.

ती वाट बघत राहिली. मग मला म्हणाली, "अवो, माझ्या पोरीचं नाव काय घेतलंच न्हाई की. कोण हाय हो हा बोलणारा? नाव काय त्याचं?"

मी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

म्हटलं, "काय माहीत बाई. असेल कुणीतरी."