गाणं पऱ्हाटीतून पास होतं

गीतकारांच्या मुलाखती घेऊन मी काय शिकलो म्हणता, तर सोनाळ्याच्या वासुभाऊंचं ऐका. त्यांची गाणी आपल्याकडे लग्नालग्नांत वाजतात. मी चिखलीहून कॅमेरा घेऊन गेलो आणि पहिलाच प्रश्न टाकला, "गाणं चांगलं झालं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"मले नाही कळत," ते म्हणाले. "वावरात चला."

वावरात दहाबारा बाया पऱ्हाटीच्या झाडांवरचा कापूस वेचत होत्या. वासुभाऊंनी नव्या गाण्याचं धृपद त्यांना तीनदा म्हणून दाखवलं आणि मला घेऊन पलीकडच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर जाऊन बसले.

"आता वेचत वेचत त्या इकडं येतीन. इथवर गाणं तोंडात राह्यलं तर ठेवतो, नाही तर कागद फाडतो."

मी कॅमेरा चालू केला. पाऊण तासाने बाया जवळ आल्या, आणि चक्क गातच आल्या. वासुभाऊ सावरून बसले.

पण तोंडातलं गाणं वरवट बकाल गावच्या गीतकाराचं होतं. त्याचं नाव काढलं की वासुभाऊ उठून जातात, हे मला आधीच सांगून ठेवलेलं.

मी कॅमेरा बंद करायला हात नेला. "राहू द्या," ते म्हणाले. खिशातून कागद काढला, शांतपणे चार तुकडे केले आणि विचारलं, "त्याचीबी मुलाखत घेता काय?"

"हो, उद्याच."

"मंग त्याले एवढंच इचारजा, तो कोण्या वावरात जाते."