श्टेफानच्या बाल्कनीतलं झाड

आमच्या सासूबाईंना साध्या समजू नका हं! शेजारचा श्टेफान सुट्टीवर जाताना किल्ली देऊन गेला, बाल्कनीतल्या झाडाला पाणी घालायला. झाड कसलं, तर गांजाचं! इथे जर्मनीत आता घरी लावायला परवानगी आहे. दोन जातींचा संकर म्हणे, आधी हसवतो, मग गाढ झोपवतो. लेकरासारखं वाढवलेलं, नुकतंच फुलावर आलेलं. माझं ऑफिस, म्हणून पाणी सासूबाई घालायच्या. त्यांना मी 'शोभेचं झाड' एवढंच सांगितलं होतं.

श्टेफान परतला आणि लगेच आमच्या दारात. चेहरा पांढराफटक. "फुलं कुठे गेली?"

मी सासूबाईंकडे वळले. "अहो आई, तुळशीच्या मंजिऱ्यांसारखी खुडलीत की काय?"

"मला तुळस ओळखता येत नाही होय? भांग आहे ती. श्रावणी सोमवार, इथे बेल कुठला मिळायला? महादेवाला वाहिली."

मी कसंबसं त्याला जर्मनमध्ये सांगितलं. तो आत येऊन देव्हाऱ्यातल्या पिंडीकडे बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे... तुमचा देव आधी हसला, की थेट झोपला?"